आमच्या घरचा शब्दकोश: व्हिप, शस्त्रसंधी आणि एमआरपी

बातम्यांमधले मोठेमोठे शब्द घरात शिरले की त्यांचा अर्थ बदलतो. आमच्याकडे तर अशा शब्दांचा एक खासगी कोशच तयार झाला आहे. हसण्यासाठी तो उत्तम, पण प्रत्येक शब्दाचा खरा अर्थही माहीत हवा. त्यावर कधी मत अवलंबून असतं, कधी खिशातले पैसे, तर कधी कुणाचा जीव.

राजकारणातले शब्द

व्हिप: आमच्याकडे व्हिप आई काढते. "रविवारी सगळ्यांनी घरी थांबायचं, पाहुणे येणार आहेत!" मोडला तर संध्याकाळचा चहा बंद.
खरा अर्थ: सभागृहात मतदान कसं करायचं, याचा आमदार-खासदारांना पक्षाने दिलेला आदेश. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार तो मोडला तर सदस्यत्वही जाऊ शकतं.

डिपॉझिट जप्त: बाबांनी केलेल्या उपम्याला कुणीही दुसऱ्यांदा हात न लावणे.
खरा अर्थ: एकूण वैध मतांपैकी एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर हरलेल्या उमेदवाराची अनामत रक्कम सरकारजमा होते. लोकसभेसाठी ही रक्कम 25,000 रुपये आहे, विधानसभेसाठी 10,000. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी.

नोटा: "पोळी-भाजी की खिचडी?" यावर ताईचं उत्तर.
खरा अर्थ: 'वरीलपैकी कोणीही नाही'. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर हा पर्याय मतदान यंत्रावर आला. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता! पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी उमेदवारांमध्ये ज्याची मतं जास्त तोच निवडून येतो. ताईलाही शेवटी खिचडीच खावी लागते.

राजीनामा: आजी दर दिवाळीला फराळाच्या कामाचा देते, आणि चकलीचं पीठ दिसताच मागे घेते.
खरा अर्थ: मराठीत पद सोडण्याचं पत्र. पण इंदूर-भोपाळकडच्या वाचकांना ठाऊक असेल, हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंची तडजोड! तिकडच्या कोर्टात 'राजीनामा झाला' म्हणजे कुणी नोकरी सोडली नाही, भांडण मिटलं. एकाच लिपीतल्या दोन भाषा, पण सही करण्याआधी अर्थ विचारून घेतलेला बरा.

सैन्यातले शब्द

सुभेदार: टीव्हीचा रिमोट ज्याच्या हातात, तो.
खरा अर्थ: पूर्वी सुभ्याचा, म्हणजे प्रांताचा कारभारी. म्हणून मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार. आज भारतीय सैन्यात ते कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्याचं पद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी हेही सैन्यात सुभेदार होते.

नियंत्रण रेषा: दोन भावंडांच्या पलंगावर मधोमध ठेवलेली उशी.
खरा अर्थ: जम्मू-काश्मीरमध्ये भारत आणि पाकिस्तानच्या ताब्यातला भाग वेगळा करणारी रेषा. 1972 च्या सिमला करारानंतर तिला हे नाव मिळालं. ती आंतरराष्ट्रीय सीमा नाही.

शस्त्रसंधी: आई ओरडल्यावर भावंडांनी घेतलेली दहा मिनिटांची विश्रांती.
खरा अर्थ: गोळीबार थांबवण्याचं ठरणं. मूळ वाद त्याने मिटत नाही, म्हणून शस्त्रसंधी म्हणजे शांतता नव्हे. आपली उशी एका चॉकलेटवर हटते. तिकडे मात्र रेषेजवळच्या गावांत मुलांची शाळा उद्या भरेल की नाही, हे या एका शब्दावर ठरतं. म्हणून गमतीत वापरला, तरी त्याचं वजन लक्षात असू द्यावं.

बाजारातले शब्द

एमआरपी: आजीच्या मते, घासाघीस जिथून सुरू करायची तो आकडा.
खरा अर्थ: सर्व कर धरून जास्तीत जास्त किरकोळ किंमत. म्हणजे आजी बरोबरच आहे! दुकानदार कमी घेऊ शकतो, जास्त नाही. थंड बाटलीवर 'कूलिंग'चे वेगळे दोन रुपयेही त्याला मागता येत नाहीत.

बेस्ट बिफोर: आईच्या मते, "वास घेऊन बघ."
खरा अर्थ: या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. त्यानंतर पदार्थ लगेच खराब होतोच असं नाही. मात्र 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' लिहिलं असेल, तर ती तारीख उलटल्यावर वास न घेता फेकायचं. इथे आईचंही ऐकायचं नाही.

अटी लागू: "फिरायला नेतो, पण पेपर चांगले गेले तर," असं बाबा म्हणतात ते.
खरा अर्थ: जाहिरातीतल्या बारीक अक्षरांत लपलेली खरी गोष्ट. पैसे देण्याआधी ती वाचा. बिल जपून ठेवा, आणि फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा.

आज रात्री जेवताना घरच्यांना यातला एखादा शब्द विचारून बघा. आधी प्रत्येकाला आपला अर्थ सांगू द्या, मग खरा सांगा. लहान मुलं तो विसरणार नाहीत, आणि आजी पुढच्या वेळी दुकानदाराला एमआरपीचा नियम स्वतःच ऐकवेल.