काचीगुड्याहून दिसलेला युरोप

युरोपातली नामांकित चित्रं मराठी माणसाने पहिल्यांदा पाहिली ती बहुतेक छापील कागदावर. हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या मराठी वस्तीचं मात्र वेगळं झालं. इथे चित्रकारांची पुस्तकं नंतर आली; तैलरंगाने रंगवलेला अस्सल कॅनव्हास त्यांच्या आधी आला, आणि तोही पायी जाता येईल इतक्या अंतरावर. चादरघाटचा पूल ओलांडून दारुलशिफाकडे वळलं की सालारजंग संग्रहालय. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा मागोवा घेताना मला हा उलटा क्रम फार मोलाचा वाटतो.

१६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सालारजंगांच्या दिवाण देवडी या वाड्यात हे संग्रहालय खुलं झालं. ज्यांचा हा संग्रह, ते तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला. १९१२ ते १९१४ एवढाच काळ ते निजामाचे दिवाण होते. त्यानंतरचं उभं आयुष्य त्यांनी वस्तू जमवण्यात घालवलं. लग्न केलं नाही, मागे वारस नव्हता. १९४९ मध्ये ते गेले तेव्हा देवडीच्या खोल्या चित्रं, घड्याळं, हस्तलिखितं आणि हस्तिदंती सामानाने भरलेल्या होत्या. तो पसारा लावण्याचं काम आयरिश कवी आणि कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे आलं. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं, १९६८ मध्ये ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आलं आणि २००० साली त्याला आणखी दोन इमारती जोडल्या गेल्या. युरोपचा विभाग आता पश्चिमेकडच्या इमारतीत आहे.

नांदेड-परभणीकडून पाहुणे काचीगुडा स्टेशनावर उतरले की त्यांना काय दाखवायचं, हे इथल्या घरांत ठरलेलंच असतं: चारमिनार आणि सालारजंग. सालारजंगमध्ये तासाचे ठोके देणाऱ्या घड्याळासमोर बसायचं, बुरख्यातली रिबेका पाहायची आणि परतायचं. रिबेका बघण्यासारखी आहेच. जोव्हानी मारिया बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ही कृती पहिल्या सालारजंगांनी १८७६ च्या युरोप दौऱ्यात रोममध्ये घेतली. संगमरवराच्या कठीण दगडातून ओलसर, झिरझिरीत वस्त्राचा भास निर्माण करणं ही हाताची कमालच. पण तिच्यापाशी रेंगाळणारी गर्दी युरोपियन चित्रांच्या दालनातून भरभर पुढे सरकते, आणि इतकी वर्षं ती अशीच सरकत आली आहे, याची मला खंत आहे.

त्या दालनात टॉमस सिडनी कूपर आहे. १८०३ ते १९०२ असं जवळजवळ शंभर वर्षांचं आयुष्य लाभलेला हा इंग्रज चित्रकार जन्मभर गुरं रंगवत राहिला. गाय म्हणजे काय हे दख्खनच्या माणसाला कुणी शिकवायला नको, म्हणूनच नवख्याने सुरुवात कूपरपासून करावी. चार पावलं मागे उभं राहिलं की कातडीची ऊब जाणवते. दोन हातांवर आलं की तीच कातडी तपकिरी आणि करड्या रंगाच्या फटकाऱ्यांत विरघळते. हे मागे-पुढे होणं म्हणजेच तैलचित्र पाहणं. पुस्तकाच्या पानावर ते करता येत नाही, फोनच्या पडद्यावर तर नाहीच.

कानालेत्तोचं व्हेनिसही इथे आहे, सान मार्कोचा चौक. १६९७ ते १७६८ हा त्याचा काळ. व्हेनिस पाहायला आलेले इंग्रज उमराव आठवण म्हणून त्याची चित्रं घरी नेत, त्यामुळे त्याचं उत्तम काम इटलीपेक्षा इंग्लंडातच अधिक जमलं. त्याच्या इमारतींच्या रेषा पट्टी धरून ओढल्यासारख्या काटेकोर असतात. माणसं मात्र रंगाच्या दोन-चार ठिपक्यांची. तरीही कोण घाईत आहे आणि कोण गप्पांत रमलंय, हे कळतं. फ्रान्चेस्को हायेझचं साबणाच्या फुग्यांचं चित्रही याच संग्रहातलं. पारदर्शक फुग्याला स्वतःचा रंग नसतो. मागची पार्श्वभूमी, कडेचा उजेड आणि एक पांढरा बिंदू, एवढ्यावर तो उभा करायचा असतो.

हे दालन म्हणजे लूव्र नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. तिसऱ्या सालारजंगांच्या चित्रखरेदीचा भर व्हिक्टोरियन इंग्लंडच्या आवडीवर राहिला. पिकासोने १९०७ साली चित्रकलेची सगळी घडी मोडली होती, पण त्या वादळाचा वारा देवडीपर्यंत आला नाही. ती उणीव दुसऱ्या वाटेने भरून निघाली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये १९३६ नंतर चार्ल्स जेरार्ड यांनी आधुनिक युरोपीय चित्रकलेचं दार उघडलं. तिथे शिकलेले पी. टी. रेड्डी पुढे काचीगुड्याला लागूनच असलेल्या नारायणगुड्यात राहून चित्रं करत होते. इकडे हैदराबादच्या सरकारी कलाशाळेची धुरा चित्रकार सुकुमार देऊस्करांनी वाहिली.

पुस्तकं आली ती यानंतर. माधुरी पुरंदरे यांचं ‘पिकासो’ १९८८ मधलं. व्हॅन गॉगवरची आयर्व्हिंग स्टोनची कादंबरीही त्यांनीच मराठीत आणली. २०१५ मध्ये अच्युत गोडबोले आणि दीपा देशमुख यांचं ‘कॅनव्हास’ आलं आणि लिओनार्दोपासून पिकासोपर्यंतची नावं घरोघरी पोचली. या लेखकांचं ऋण मोठं आहे. पण आपल्या वाचनात चित्रकाराच्या चरित्राने चित्राला मागे टाकलं, हेही खरं. व्हॅन गॉगने १८८८ च्या डिसेंबरात कान कापून घेतला हे सर्वांना पाठ असतं. जेमतेम दहा वर्षांत त्याने साडेआठशेहून अधिक तैलचित्रं केली, पिवळ्याशेजारी जांभळा ठेवून दोन्ही रंग पेटवले, हे सांगणारा क्वचित भेटतो. दुःखाची गोष्ट चटकन मनाला भिडते; रंगापाशी थांबावं लागतं.

थोर चित्रकार स्वतः असे थांबत. रेम्ब्रांटच्या हाती मुघल लघुचित्रं आली तेव्हा त्याची पन्नाशी जवळ आली होती, हॉलंडात त्याचं नाव झालं होतं. तरी १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने त्या चित्रांवरून वीसेक रेखाटनं केली. जहांगीर, शाहजहान, अंगरख्याच्या चुण्या, पगडीचे पेच, सगळं त्याने नवशिक्याच्या निष्ठेने उतरवून घेतलं. तो कधी हिंदुस्थानात आला नाही. परक्या मुलखातलं चित्र समोर आलं तेव्हा त्याने कागद घेतला आणि ते हाताने समजून घेतलं.

काचीगुड्यातल्या मराठी घरांना, विशेषतः शाळकरी मुलं असलेल्या घरांना, माझी कळकळीची विनंती आहे. सालारजंगला एकदा फक्त चित्रांसाठी जा. घड्याळ आणि रिबेका त्या दिवशी राहू द्या. मुलाच्या हातात वही-पेन्सिल द्या, त्याला एकच चित्र निवडू द्या आणि अर्धा तास त्याला तिथून हलवू नका. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.