नाव न लपवता शिकणाऱ्या लेकी

घरी असताना ती इग्बो असते, योरुबा असते, हौसा असते. लंडनच्या किंवा फिलाडेल्फियाच्या विमानतळावर उतरली की ती फक्त 'काळी' होते! नायजेरियातून परदेशी शिकायला गेलेल्या मुलींची ही कहाणी आम्हाला परकी वाटत नाही. माणूस न पाहता शिक्का पाहणारी नजर आम्ही पिढ्यान्पिढ्या ओळखतो.

१९१९ साली अबेओकुटा शहरातील फ्रान्सिस नावाची तरुणी शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. तिथे वर्णद्वेषाचे चटके बसले. तिने इंग्रजी नाव टाकून दिले आणि फुनमिलायो हे आपले योरुबा नाव अभिमानाने लावले. तिच्या तिथल्या मुक्कामातच, १९२० साली, बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला पोहोचले होते. १९२२ मध्ये ती मायदेशी परतली, शिक्षिका झाली. पण शिकलेल्या बायकांच्या मंडळात रमून बसली नाही. बाजारात बसणाऱ्या निरक्षर बायकांना तिने अक्षरे शिकवली, त्यांच्याशी मैत्री केली. याच बायकांनी स्त्रियांवरील कराविरुद्ध असा लढा उभारला की, १९४९ साली तिथल्या राजाला गादी सोडावी लागली!

आजच्या मुलींची लढाई वेगळी आहे. चिमामांडा न्गोझी अदिची स्वतः एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेल्या. त्यांच्या 'अमेरिकाना' (२०१३) या कादंबरीतील इफेमेलू नोकरीच्या मुलाखतीसाठी आपले कुरळे केस रसायनाने सरळ करते. टाळू भाजते, केस गळतात. शेवटी केनियाची मैत्रीण वाम्बुई ते कापून टाकते आणि इफेमेलू हळूहळू आपल्या मूळ केसांवर प्रेम करायला शिकते. हाताला काम नाही, मन खचलेले, अशा वेळी तिला सावरते ती लागोसची जुनी मैत्रीण गिनिका. विद्यापीठ पदवी देते. पण परक्या मुलखात उभे राहण्याचे बळ मैत्रिणी देतात.

त्यात पैशाचा मार. जून २०२३ पूर्वी डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४ मध्ये दीड हजारांहून जास्त मोजावे लागले. घरून तेवढेच नायरा आले, तरी फी भागेना. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने संशोधन अभ्यासक्रमांसारखे मोजके अपवाद वगळून विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणण्यास बंदी केली. आई असलेल्या विद्यार्थिनीने शिक्षण निवडावे की लेकरू?

शिष्यवृत्तीवर आमच्याही लेकी परदेशी जातात. तिथेही आपलाच देशबांधव आडनाव विचारतो आणि जीभ अडखळते. आडनाव लपवणे म्हणजे टाळू भाजून केस सरळ करणेच नव्हे काय? लेकींनो, नाव ठणकावून सांगा. तुमच्यासारख्याच एकट्या पडलेल्या मुलीला, मग ती नागपूरची असो वा लागोसची, मैत्रीण करा. आणि परत याल तेव्हा वस्तीतल्या बायांना विसरू नका. फुनमिलायो विसरली नव्हती.