दोन किल्ल्या

१९८७ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचे नाही. एका संध्याकाळी त्यांच्या पत्नीला कळा सुरू झाल्या. त्यांनी आपली किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दवाखाना गाठला. नियमाने मी ती घ्यायला नको होती. घेतली. रात्रभर दोन्ही किल्ल्या उशाशी ठेवून मी टक्क जागा. बाहेर कुत्रे भुंकले तरी दचकत होतो. सकाळी रोकड पैशापैशाने जुळली, हेड कॅशियर पेढे घेऊन आले. चोराला अडवण्याइतकेच प्रामाणिक माणसाला झोप लागू देणे, हेही त्या नियमाचे काम आहे, हे मला त्या रात्री कळले.

ही आठवण वर यायला निमित्त झाले ते एका सहीचे. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहिता लिहिता मी एका पतसंस्थेचा संचालक झालो आहे. तिथल्या चाळीस संगणकांवर सुरक्षेचे ‘एक्स्टेन्शन’ बसवण्याचा प्रस्ताव आला. ब्राउझर ही इंटरनेटकडे उघडणारी खिडकी मानली, तर एक्स्टेन्शन म्हणजे तिला लावलेली जाळी. बँकेचे हुबेहूब खोटे पान उघडले की ती अडवते. खातेदारांची यादी कोणी भलत्याच ठिकाणी चिकटवू लागला की हटकते.

संगणक विभागातल्या मुलीने मला सारे दाखवले. प्रत्येक यंत्रापाशी जायची गरजच नाही. मध्यवर्ती यादीत त्या एक्स्टेन्शनची बत्तीस अक्षरी ओळख लिहायची. मग प्रत्येक ब्राउझर ती यादी पाहतो आणि जाळी आपोआप बसवून घेतो. बसलेली जाळी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. तिला लागणाऱ्या परवानग्याही त्याला विचारल्या जात नाहीत. संस्थेनेच त्या दिल्या असे धरले जाते. आणि परवानगी कसली? उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची, बदलण्याचीसुद्धा!

बैठकीत काउंटरवरच्या बाईंनी विचारले, “सर, मधल्या सुट्टीत मी माझ्या तपासण्यांचे रिपोर्ट याच संगणकावर बघते. तेही दिसणार का?”

कोणी बोलेना. शेवटी ती मुलगीच म्हणाली, “दिसू शकतात.”

दुसरा प्रश्न माझा होता. या जाळीची किल्ली कोणाकडे? कारण २०२४ च्या नाताळात काय घडले ते मी वाचले होते. सायबरहेवन ही अमेरिकेतली कंपनी इतरांची माहिती सांभाळण्याचेच काम करते. २४ डिसेंबरला तिच्या एका कर्मचाऱ्याला ईमेल आले: तुमचे एक्स्टेन्शन नियमभंगामुळे क्रोमच्या दुकानातून काढले जाईल. पत्र खोटे होते. घाईत त्याने एका परक्या प्रणालीला संमती दिली. त्याच्या खात्याला दुहेरी पडताळणी होती, तरी उपयोग झाला नाही; संमती त्यानेच दिली होती. चोरांनी त्या जोरावर कंपनीच्या नावाने भेसळीची आवृत्ती चढवली. एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या आपोआप उतरतात, तशी तीही उतरू लागली. वापरणारे सुमारे चार लाख. साधारण एक दिवस ती पसरत राहिली. ज्या जाळीने डास अडवायचे, तिनेच त्यांना आत घेतले. चोरांना एकाच माणसाची संमती पुरली होती.

म्हणून प्रस्ताव फेटाळावा का? नाही. स्ट्राँगरूमचे दार धोक्याचे म्हणून कोणी रोकड टेबलावर ठेवत नाही. आम्ही जुनाच शहाणपणा वापरला. मध्यवर्ती यादीत काही घालायचे वा काढायचे तर दोघांची मंजुरी. यादीत नसलेली सारी एक्स्टेन्शने बंद. पहिले दोन आठवडे फक्त पाच संगणक, त्यात व्यवस्थापकांचा आणि संचालकांच्या खोलीतला. मग काउंटर, मग कर्ज विभाग. खाजगी कामासाठी जेवणाच्या खोलीत एक वेगळा संगणक, त्यावर ही जाळी नाही आणि संस्थेची खातीही नाहीत. आणि फलकावर साध्या मराठीत एक पान: हे काय पाहते, कोणती नोंद ठेवते, ती कोण वाचू शकतो आणि किती दिवसांनी पुसली जाते.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. नवी आवृत्ती रोखून धरावी, तर नव्या चोऱ्यांपुढे जाळी शिळी ठरते. येताक्षणी घ्यावी, तर त्या नाताळची भीती. तूर्त कोणती आवृत्ती कधी आली, याची वही ती मुलगी रोज लिहिते आणि दुसरा कोणीतरी ती तपासतो. वही पाहून मला उगीचच बरे वाटले.

फलक लागला त्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या खोलीतल्या संगणकावरही आहे ना, सर?”

“पहिली तिथेच बसवली,” मी म्हणालो.

“मग ठीक आहे,” असे म्हणून त्यांनी पुढच्या खातेदाराचे पासबुक हातात घेतले.