सातव्या फेरीतला पोरगा

भिवंडीत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. बर्फावरच्या हॉकीचं मैदान इथं नाही आणि तो खेळ पाहिलेली माणसंही मोजकीच. तरी लॅपटॉपवर ‘ईस्टसाइड हॉकी मॅनेजर’ सुरू केला, की यंत्रमागांच्या खडखडाटात बसून कॅनडातल्या किंवा स्वीडनमधल्या संघाचा कारभार हाती घेता येतो.

फिनलंडच्या रिस्तो रेमेस यांनी हा गेम आधी फुकट वाटला होता. ‘फुटबॉल मॅनेजर’ बनवणाऱ्या लंडनच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हनं तो २००४ मध्ये बाजारात आणला आणि २०१५ मध्ये नव्यानं काढला. यात हातात स्टिक घ्यायची नसते. खेळाडू निवडायचे, करार करायचे, फळ्या लावायच्या आणि सगळ्यात अवघड म्हणजे पोरं घडवायची.

खेळाडूच्या पानावर स्केटिंग, पास, चिकाटी अशा गुणांपुढे १ ते २० असे आकडे असतात. खरा जीव मात्र न दिसणाऱ्या दोन आकड्यांत असतो. पोरगा आज किती पाण्यात आहे आणि जास्तीत जास्त कुठवर जाईल, हे २००पैकी मोजलेलं असतं. संघाचे पारखी फक्त अंदाज बांधतात. एकाला जो हिरा वाटतो तो दुसऱ्याला सामान्य वाटतो, म्हणून एकाच पारख्यावर विसंबू नये. शिवाय अंगात कुवत आहे म्हणून ती फळाला येईलच असं नाही. मेहनती स्वभाव, दुखापती, मैदानावर मिळालेली मिनिटं यांवर बरंच ठरतं.

नवे खेळणारे नेमके इथं चुकतात. अठरा वर्षांचा गुणी पोरगा मिळाला, की त्याला थेट मुख्य संघात घेतात. सामना ६० मिनिटांचा, आघाडीचे १२ खेळाडू, तिघातिघांच्या चार फळ्या. चौथ्या फळीच्या वाट्याला जेमतेम आठ-दहा मिनिटं येतात. पोरगा बाकावर बसून राहतो आणि त्याची वाढ खुंटते. तोच खालच्या लीगमध्ये पहिल्या फळीत खेळला, तर चुका करतो, सावरतो, घडतो. भिवंडीला हे वेगळं सांगायला नको. नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी चार माग कोण देईल? आधी कांडी भरायची, तुटलेली तार जोडायला शिकायची, मग माग.

हे फक्त गेमपुरतं नाही. तिथले संघ नवे खेळाडू आळीपाळीनं, फेरीफेरीनं निवडतात. त्या निवडीत अमेरिकेतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज या संघानं १९९८ मध्ये पावेल दात्सुक याला १७१व्या क्रमांकावर निवडलं, तर १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्ग याला सातव्या फेरीत, २१०व्या क्रमांकावर. दोघांनाही घाईनं बोलावलं नाही. दात्सुक २००१ पर्यंत रशियात आणि झेटरबर्ग २००२ पर्यंत स्वीडनमध्ये खेळत राहिला. २००८ मध्ये संघानं तिथल्या लीगचा चषक, स्टॅनली कप, जिंकला, तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो झेटरबर्गच.

आपल्याकडचं उदाहरण गवतावरच्या हॉकीतलं आहे. पुण्यात खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरी वसाहतीत धनराज पिल्ले तुटक्या स्टिका दोरीनं बांधून खेळले. मग मोठ्या भावाच्या पाठोपाठ मुंबईत आले, महिंद्र अँड महिंद्रच्या संघात ज्योकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९८९ मध्ये भारताकडून उतरले. त्यांनी पुढे चार ऑलिंपिक खेळली. मधली ती मुंबईची पायरी नसती, तर खडकीतल्या पोराचं कौशल्य वसाहतीबाहेर कोणाला दिसलं असतं?

गेम करून पाहायचा असेल, तर पहिल्या खेपेला श्रीमंत संघ घेऊ नका. तळाचा संघ घ्या, सातव्या फेरीत एक मेहनती पोरगा निवडा आणि त्याला खालच्या लीगमध्ये निदान तीन हंगाम मनसोक्त खेळू द्या.