गारांनाही बोलावणं, राजाला मागची रांग

बायबलच्या जुन्या करारातलं 148 वं स्तोत्र म्हणजे देवाच्या स्तुतीला कोणी कोणी यायचं याची यादी. नवापूर तालुक्यातल्या आदिवासी ख्रिस्ती मंडळींनी ती वाचावी, तर निम्मे पाहुणे खिडकीतूनच दिसतील : डोंगर, टेकड्या, फळझाडं, गुरंढोरं, पाखरं.

गंमत आहे ती क्रमाची. आधी देवदूत, सूर्य, चंद्र, तारे. मग समुद्रातले अजस्र प्राणी. 14 वचनांच्या या स्तोत्रात राजेमहाराजे उगवतात थेट 11 व्या वचनात, तेही सरपटणाऱ्या जिवांच्या मागून! आपल्याकडे ‘प्रमुख उपस्थिती’ आधी छापतात, मग कार्यक्रम ठरतो.

यादीत गाराही आहेत. नंदुरबारच्या पथारीवर लालभडक मिरची वाळत पडलेली असताना अवकाळी कोसळणाऱ्या गारा देवाचे गुण गातात, हे व्यापाऱ्याला पटवून दाखवा! बर्फाचंही नाव आहे. तो इथे पडत नाही; पण अक्कलकुव्यातल्या डाबला दवबिंदू गोठल्याची बातमी थंडीत हमखास येते. यादीतल्या गंधसरूची उणीव मात्र सातपुड्यात मोहानेच भरून काढायची. खऱ्या गंधसरूचा आपल्या देशातला सख्खा भाऊ म्हणजे हिमालयातला देवदार.

150 वं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं, पण त्यात स्तुतीचा पुकारा 13 वेळा. शिंग, तंतुवाद्यं, डफ, पावा, झांजा आणि वर नाचसुद्धा. अक्कलकुव्यातल्या काठीच्या राजवाडी होळीचा या स्तोत्राशी काडीचा संबंध नाही. तरी ढोल घुमतो, कमरेचे भोपळे आणि घुंगरू वाजू लागतात, तेव्हा भक्ती तोंड मिटून करायची असते हे कोणी ठरवलं, असा प्रश्न पडतोच. स्तोत्राचा शेवटही तसाच ऐसपैस : ज्याला श्वास आहे, त्या प्रत्येकाने गावं. जात, भाषा, सूर, कशाचीच अट नाही.

‘पेरेक शिरा’ या जुन्या हिब्रू रचनेत तर प्रत्येक प्राण्याला त्याचं त्याचं स्तुतिवचन वाटून दिलंय. तिच्याशी जोडलेली एक यहुदी कथा फक्कड आहे. स्तोत्रं रचून झाल्यावर दावीद राजाला गर्व चढला : माझ्याइतकी स्तुती कोण करतं? तेवढ्यात बेडूक पुढे आला आणि म्हणाला, फुशारकी नको, मी तुझ्यापेक्षा जास्त गातो.

बेडकाचा दावा तपासायचाय? आषाढात नवापूरच्या भातखाचरांजवळ एक रात्र मुक्काम करा. झोपेची हमी नाही.