गुडघ्याला चालतेच ठेवू या

मटण खाताना दाताखाली कुरकुरणारे पांढरे हाड मुलांना फार आवडते. काही घरांत त्याला चबनी हड्डी म्हणतात. खरे तर ते हाड नव्हेच, ती कूर्चा. आपल्याही शरीरात ती जागोजागी असते.

कूर्चेचे तीन प्रकार आहेत. हाडांच्या टोकांवर, नाकात आणि श्वासनलिकेत असते ती काचेसारखी गुळगुळीत कूर्चा. कान मुडपला तरी पुन्हा ताठ होतो, तो लवचिक कूर्चेमुळे. तिसरी तंतुमय कूर्चा मणक्यांमधल्या चकत्यांत आणि गुडघ्यातल्या गादीत असते.

आईच्या पोटात बाळाची बहुतेक हाडे आधी कूर्चेचीच घडतात, मग हळूहळू टणक होतात. लांब हाडांच्या टोकांजवळ मात्र कूर्चेचा एक थर वाढत्या वयातही टिकून राहतो. मुलांची उंची वाढते ती त्याच्यामुळेच. म्हणून मूल पडून मनगट किंवा घोटा सुजला, तर चोळत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे. तो थर दुखावला तर हाडाची वाढ वाकडी होऊ शकते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी सुरुवातीला कळत नाही आणि झिजलेली सहसा भरूनही निघत नाही. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी हे 1743 सालीच लिहून ठेवले होते.

मग रक्ताविना तिला अन्न मिळते कुठून? सांध्यातल्या वंगणातून. आपण पाऊल टाकतो तेव्हा कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, पाऊल उचलले की वंगण पुन्हा शोषून घेते. म्हणजे चालणे हेच तिचे जेवण!

गुडघे दुखू लागले की घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण प्रेमाने सांगतो, "अम्मी, तुम्ही बसूनच राहा." सजद्याला गुडघे टेकवत नसतील तर खुर्चीवर नमाज जरूर पढावी, पण दिवसभर खुर्चीला खिळून राहू नये. सपाट जागी बेताचे चालावे, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम डॉक्टरांना विचारून करावा. वजन जास्त असेल तर उतरवावे. वजन 1 किलोने घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने हलका होतो.

आज संध्याकाळी अम्मींचा हात धरून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणू या.