दुभंगलेला ओठ व टाळू : कारणे, परिणाम व उपचार

बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्मले की घरात पहिला प्रश्न येतो : ग्रहणात काही चिरले होते का? आणि सारा दोष आईच्या माथी जातो. हा समज सर्वस्वी निराधार आहे, हे आम्ही प्रारंभीच नमूद करतो.

गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या व टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही बाजू सांधून तयार होतो. ही सांधणी अपुरी राहिल्यास फट उरते. जगात साधारणतः सातशे जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. त्यामागे बहुधा आनुवंशिकता व अन्य घटक एकत्रितपणे असतात. धूम्रपान, मातेचा अनियंत्रित मधुमेह व अपस्मारावरील काही औषधे यांमुळे धोका वाढतो. मात्र अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत.

टाळूला फट असल्यास बाळाला दूध ओढता येत नाही, ते नाकावाटे येते व वजन वाढत नाही. अशा वेळी आईचे दूध काढून, बाळाला उभे धरून, वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे व मधूनमधून ढेकर काढावी. पुढे कानात पाणी साचून ऐकू कमी येणे व उच्चार नाकातून होणे, हेही संभवते.

ओठाची शस्त्रक्रिया सामान्यतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात, तर टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत केली जाते. त्यानंतर वाचोपचार, श्रवणतपासणी, दंतोपचार आणि आवश्यक तेथे आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास हिरडीत अस्थिरोपण करावे लागते.

खरी अडचण येथेच आहे. ओठ शिवला, चेहरा खुलला, की उपचार संपले असे अनेक पालकांना वाटते. टाळूची फट बाहेरून दिसत नाही. शिवाय प्रत्येक फेरीस एस.टी.चे भाडे व बुडालेली मजुरी मोजावी लागते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी व उपचार समाविष्ट आहेत. पालकांनी त्याचा लाभ अवश्य घ्यावा.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, शस्त्रक्रियेबरोबरच या पुढील फेऱ्यांसाठीही साहाय्य करावे. ओठ सांधल्याने मूल हसू लागते. ते स्पष्ट बोलू लागेपर्यंत आपले कार्य पूर्ण झाले, असे आम्ही मानत नाही.